जपानची 205 सिरीज लोकल इतकी वर्षं टिकली कशी? एका कारशेडवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आलाय: "जकार्तात लोकलने फिरलो, डब्यात चक्क जपानी अक्षरांचे स्टिकर. चौकशी केली तर कळलं ही जपानची 205 सिरीज, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. इतक्या जुन्या गाड्या अशा ठणठणीत कशा? आणि मग आपण मुंबईला का नाही आणल्या?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो कारण ते छोटं आहे. नाही आणता येत. 205 ची चाकं 1067 मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), आपला रूळ 1676 चा. नुसती बोगी बदलून पण भागत नाही (बोगी म्हणजे डबा नव्हे हो, डब्याखालची चाकांची गाडी, हे आमच्या धंद्यात रोज कुणाला तरी सांगावं लागतं), कारण त्या डब्याची रुंदी 2800 मिमी आणि आपल्या लोकलची साधारण 3660. म्हणजे प्लॅटफॉर्म आणि फूटबोर्डमध्ये एवढी फट राहील की विरार फास्ट पकडणारी माणसं त्यात सरळ खाली जातील. विषय संपला.

पहिला प्रश्न मात्र माझ्या आवडीचा आहे. मी नोकरीची पहिली अकरा वर्षं मुंबईतल्या एका कारशेडमध्ये जुन्या डीसी (डायरेक्ट करंटवर चालणाऱ्या) रेकच्या, म्हणजे लोकल गाड्यांच्या, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली, नंतर प्रायव्हेटमध्ये गेलो, ट्रॅक्शन इक्विपमेंटच्या कामाने बाहेरही फिरलो आणि जकार्तात 205 खाली वाकून बघायचा योग दोनदा आला. तर जे लिहितोय ते फॅन म्हणून कमी आणि हात काळे केलेला माणूस म्हणून जास्त.

आधी काळ समजून घ्या. 1980 च्या दशकात जपानची सरकारी रेल्वे, म्हणजे जपानी नॅशनल रेल्वे, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली, 1987 च्या एप्रिलमध्ये ती मोडून तिच्या वेगवेगळ्या जेआर कंपन्या केल्या तेव्हा कर्जाचा आकडा 37 ट्रिलियन येनच्या घरात होता. टोकियोच्या यामानोते लाइनवर (ही गोल फिरणारी लाइन, शिंजुकू, शिबुया, उएनो, टोकियो सगळं तिच्यावर) तेव्हा 103 सिरीज धावायची. 103 म्हणजे 1963 पासून बनत आलेली, एकूण 3447 डबे, साधी लोखंडी बॉडी, रेझिस्टन्स कंट्रोल (सुटताना जास्तीची वीज रेझिस्टन्समध्ये जाळून वेग आवरायचा), आपल्या जुन्या डीसी रेकची चुलत बहीणच म्हणा. मधे 1979 ला 201 सिरीज आली, तिच्यात थायरिस्टर चॉपर (वीज झटपट चालू-बंद करून मोजून देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एकदम आधुनिक, रिजनरेटिव्ह ब्रेक (ब्रेक लावताना वीज परत देणारा), पण किंमत इतकी की खिसा फाटलेल्या रेल्वेला ती सगळीकडे घेणं झेपेना. मग प्रश्न आला की वीज वाचवणारी, हलकी आणि तरी स्वस्त गाडी बनवायची कशी. त्यातून 205 निघाली, यामानोतेवर 25 मार्च 1985 ला पहिल्यांदा धावली आणि 1994 पर्यंत 1461 डबे बनले.

आता तिची खरी करामत. हे थोडं टेक्निकल आहे पण सोपं करून सांगतो, कारण हे नाही कळलं तर बाकीचं सगळं नुसतं पाल्हाळ.

जुन्या लोकलमध्ये डीसी सिरीज मोटर असते. सिरीज म्हणजे आर्मेचर (फिरणारा भाग) आणि फील्ड (ज्याने चुंबक तयार होतो तो भाग) एकापाठोपाठ एक जोडलेले, दोघांतून एकच करंट जातो. गाडी सुटताना करंट भरपूर, म्हणून फील्ड पण जोरदार, म्हणून ओढ जबरदस्त. लोकलला हेच हवं असतं, दर दोन मिनिटांनी थांबायचं आणि सुटायचं. पण रिजनरेशन करायचं म्हटलं, म्हणजे ब्रेक लावताना मोटरचा डायनॅमो करून वीज परत वायरमध्ये ढकलायची, तर हीच सिरीज मोटर नखरे करते. करंट उलटा वाहायला लागला की फील्डमधूनही उलटाच वाहणार, म्हणजे ज्या चुंबकाच्या जोरावर वीज तयार होणार तोच मरायला लागतो. सायकलचा डायनॅमो आठवा, त्यात कायमचा मॅग्नेट असतो म्हणून चाक फिरलं की दिवा लागतो, पण समजा दिव्यातून जाणारा करंटच तो मॅग्नेट खाऊन टाकायला लागला तर? तसं. म्हणून आपल्या जुन्या डीसी रेकमध्ये रिजनरेशन नव्हतंच, सगळा वेग ब्रेक ब्लॉक आणि चाकाच्या घासण्यात उष्णता होऊन जायचा आणि ब्रेक ब्लॉक बदलता बदलता आमच्या लोकांची कंबर मोडायची.

यावर उपाय म्हणून जपानच्या खासगी रेल्वे कंपन्यांनी कंपाउंड मोटर (जिच्यात सिरीज फील्डशिवाय आणखी एक वेगळं फील्ड असतं) घेतली आणि फील्डसाठी वेगळा चॉपर लावला. 201 मध्ये मेन सर्किटचा सगळा करंट चॉपरमधून नेला, त्यासाठी मोठे थायरिस्टर, मोठे रिअ‍ॅक्टर, वजन आणि पैसा. 205 च्या डिझाइनवाल्यांनी काय केलं तर जुनी सिरीज मोटर ठेवली, जुना कॅमशाफ्ट (टप्प्याटप्प्याने स्विच उघडणारा-मिटणारा फिरता दांडा) ठेवला, सुटताना लागणारे रेझिस्टन्स पण ठेवले आणि फक्त फील्डला बाहेरून थोडा करंट वाढायची सोय केली. जेवताना भातावर वरून तुपाची धार सोडतात ना, तसं. हा वरचा करंट येतो कुठून, तर गाडीत दिवे आणि एअरकंडिशनसाठी जो मोटर-जनरेटर असतोच त्याच्या थ्री फेज एसीमधून, एका छोट्या थायरिस्टर रेक्टिफायरने. जपानीत याचं नाव लांबलचक आहे, मराठीत "फील्डमध्ये भर घालणारा कंट्रोल" म्हणू.

आणि यातली गंमत बघा. फील्डच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स अगदी किरकोळ असतो, त्यामुळे त्यातून शेकड्याने अँपिअर ढकलायचे तरी व्होल्टेज थोडंसंच लागतं. म्हणजे 1500 व्होल्टचा राक्षस अंगावर घेणारे सेमीकंडक्टर नकोत, छोटे चालतात, आणि छोटे म्हणजे स्वस्त, हलके आणि बदलायला सोपे. मेन सर्किटला जवळजवळ हातच लावला नाही आणि तरी फील्ड आर्मेचरपासून सुटं झालं. वेगात असताना फील्ड हळूच कमी केलं की गाडी अजून पळते, फील्ड वाढवलं की मोटरचं व्होल्टेज वायरच्या वर जातं आणि वीज परत जायला लागते, मधे मोठे काँटॅक्टर (जड करंटचे स्विच) खाडखाड उघडझाप करायची गरज नाही. मी पहिल्यांदा सर्किट डायग्राम बघितला तेव्हा खरं सांगतो, दोन मिनिटं हसत बसलो. याला इंजिनिअरिंग म्हणतात राव. जुगाड म्हणा हवं तर, पण अभ्यास करून केलेला.

वीज किती वाचली? 103 ला 100 धरलं तर 205 साधारण दोन तृतीयांश विजेत तेच काम करते. यात रिजनरेशनचा वाटा आहेच पण वजनाचाही तितकाच आहे. बॉडी स्टेनलेस स्टीलची. जपानमध्ये हलक्या स्टेनलेस बॉडीचं तंत्र तेव्हा तोक्यू कार या कंपनीच्या हातात होतं, नॅशनल रेल्वेने ऑर्डर देताना अट घातली की हे तंत्र बाकीच्या कारखान्यांनाही द्यावं लागेल, एकाच कंपनीच्या दारात आम्ही उभं राहणार नाही. कंपनीच्या दृष्टीने हा अन्यायच, वर्षानुवर्षांची मेहनत स्पर्धकाला द्यायची, पण त्यामुळे पुढे सगळ्या जपानभर स्टेनलेस लोकलचा सपाटा लागला. स्टेनलेस म्हणजे रंग नको, गंज नको. रंगाचं काम कारशेडमध्ये किती दिवस खातं ते ज्याने पीओएच (गाडीची ठरावीक मुदतीने होणारी मोठी दुरुस्ती) बघितलंय त्यालाच माहीत. ओळख म्हणून फक्त लाइनच्या रंगाची एक पट्टी, यामानोतेला पोपटी, नांबूला पिवळी, केइयोला वाइन रेड.

खाली बोगी पण नवीन, बोल्स्टरलेस. म्हणजे डबा आणि बोगीच्या मधे जी आडवी जाडजूड तुळई असायची तीच काढून टाकली, डबा सरळ एअर स्प्रिंगवर बसवला आणि वळणावर ती स्प्रिंगच पिळवटून घेते. पार्ट कमी, वजन कमी, घासणारे पृष्ठभाग कमी. मेंटेनन्सवाल्याला विचारा, जो पार्ट नाही तो कधीच बिघडत नाही. ब्रेकसुद्धा 201 पर्यंत होता तसा हवेच्या लांब पाइपमधून निरोप पाठवणारा नाही, तर वायरीतून कमांड, प्रत्येक डब्यात लगेच. याचा तोटा असा की 103 किंवा 201 ला जोडून ही चालवता येत नाही, पण यामानोतेसारख्या ठिकाणी रेक एकसारखेच असतात तिथे कोणाला फरक पडतो.

मोटर 120 किलोवॅटची. दोन मोटर डबे मिळून एक युनिट, आठ मोटरना एक कंट्रोलर. डब्यांची नावं कळली की मजा येते: "कु" म्हणजे केबिनवाला, "मो" म्हणजे मोटरवाला, "सा" म्हणजे नुसता ओढला जाणारा, आणि "हा" म्हणजे साधा वर्ग, त्यांच्या जुन्या इ-रो-हा अक्षरक्रमातलं तिसरं अक्षर, म्हणजे मुळात थर्ड क्लास. मोहा 205 म्हणजे थर्ड क्लासचा मोटर डबा, आपण त्याला जपानी तंत्रज्ञान म्हणून डोक्यावर घेतो ही गोष्ट वेगळी.

गर्दीचं एक सांगायलाच पाहिजे कारण आपल्या लोकांना ते लगेच पटेल. चार दरवाजांचा डबा पण पुरेना म्हणून 1990 मध्ये दोन डबे ट्रायलला आणले, एका बाजूला सहा दरवाजे! 1991 मध्ये यामानोतेची गाडी दहाची अकरा डब्यांची झाली तेव्हा अकरावा डबा हा सहा दरवाजांचा. सकाळी दहा वाजेपर्यंत त्यातल्या सीट भिंतीला दुमडून लॉक, बसायचं नावच नाही, सगळे उभे. दहा वाजले की लॉक उघडतो आणि सीट खाली पाडता येतात. आपल्याकडे चौथ्या सीटवरून जी महाभारतं होतात त्यावर हा उपाय कसा वाटतो सांगा, कुणालाच सीट नाही, मिटलं भांडण. पण हे डबे गेले कसे ते बघा: गर्दी थोडी कमी झाली हे एक, आणि प्लॅटफॉर्मवर सरकते दरवाजे बसवायचे ठरले तर सगळ्या डब्यांचे दरवाजे एका जागी यायला हवेत. यामानोतेवर 2002 पासून 205 च्या जागी नवी ई231 सिरीज आली, 2005 ला 205 तिथून पूर्ण गेली, आणि ई231 चे सहादारी डबे पण 2011 पर्यंत काढून साधे घातले.

मग यामानोतेवरून सुटलेल्या 205 गेल्या कुठे? भंगारात नाही. हीच ती टिकण्याची दुसरी बाजू. काही साइक्योला, काही मुसाशिनोला, काही सेनदाईकडे, काही छोट्या लाइनवर दोन-तीन-चार डब्यांच्या करून. मधला डबा कापून त्याला नवीन केबिनचं तोंड लावायचं हे काम त्यांनी किती वेळा केलं असेल. फुजी डोंगराच्या पायथ्याशी फुजिक्यू म्हणून छोटी कंपनी आहे, त्यांनी पण घेतल्या आणि आत लाकूडकाम करून टुरिस्टांसाठी एकदम गोड केल्या.

मुसाशिनोची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे आठ डब्यांची गाडी हवी, चढउतार पण आहेत, आणि इकडे मोटर डबे मोजकेच शिल्लक. मग 2002 पासून चार मोटर डबे ठेवून त्यात व्हीव्हीव्हीएफ इन्व्हर्टर (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलून मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स) आणि ब्रश नसलेल्या एसी इंडक्शन मोटर बसवल्या, कारण इंडक्शन मोटर कमी डब्यांत जास्त ओढ देते आणि चाक घसरायला लागलं तर लवकर सावरते. या 5000 नंबरच्या 205, बाहेरून तीच गाडी, आतून दुसराच प्राणी.

आता जकार्ता. तिथे गाड्या नीट चालण्याचं पहिलं कारण तुमच्या लक्षात आलं असेल: गेज 1067, वायरमध्ये 1500 व्होल्ट डीसी. दोन्ही जपानसारखं. म्हणजे जहाजातून उतरवा, थोडे बदल करा, रुळावर ठेवा. टोकियोच्या तोएइ मेट्रोचे 72 डबे 2000 साली तिथे गेले ती सुरुवात, मग 2013 ला साइक्यो लाइनचे 205 चे 180 डबे, पुढे योकोहामा आणि नांबू लाइनचे, आणि 2018 पासून मुसाशिनोचे 336. 205 चे सगळे मिळून आठशेच्या वर. तिथे बारा डब्यांच्या गाड्या करतात, पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा, समोर रुळावरचे अडथळे बाजूला सारायला दणकट जाळी.

मी तिथल्या एका शेडमध्ये पिटमध्ये (गाडीखालच्या खड्ड्यात) उतरलो होतो, दुपारची वेळ, वर पत्रा तापलेला, आणि माझ्यासोबतचा तिथला सुपरवायझर, पन्नाशीचा माणूस, ब्रश होल्डर उघडून कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारा तुकडा) बाहेर काढून मला दाखवत होता. मला एक शब्द त्याच्या भाषेचा येत नव्हता आणि त्याला माझ्या. पण त्याने ब्रशच्या कडेवर अंगठा फिरवला, बाजूचा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा फिरता भाग) दाखवला, चॉकलेटी रंगाची छान चकाकी आलेली, आणि मान हलवली. बस, मला सगळं कळलं. कम्युटेटरला तो चॉकलेटी रंग म्हणजे मोटर सुखात आहे. काळे डाग, निळसर पट्टे दिसले की समजायचं लवकरच फ्लॅशओव्हर, म्हणजे मोटरच्या आत ठिणगीचा भडका. आमच्या मुंबईच्या शेडमध्ये एका पावसाळ्यात मोटरमध्ये पाणी शिरून लागोपाठ फ्लॅशओव्हर झालेले आठवतात, कव्हरच्या गॅस्केटचा लॉट खराब आला होता आणि ते कळेपर्यंत आम्ही चार रात्री घरी गेलो नाही. त्यामुळे तो चॉकलेटी रंग बघून मला काय वाटलं ते त्या सुपरवायझरलाच कळलं असणार.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. 205 टिकली याचं कारण ती फार भारी टेक्नॉलॉजीची होती हे नाही, उलट तिच्यातलं बहुतेक सगळं डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं. कॅमशाफ्ट झिजला, दिसतो. काँटॅक्टरचं टोक जळलं, फाइल मारा नाहीतर बदला. ब्रश संपला, नवीन घाला. इलेक्ट्रॉनिक्स आहे पण थोडं आणि एका कोपऱ्यात. इन्व्हर्टरवाल्या गाडीत रोजचा त्रास कमी, ब्रशच नाहीत, पण वीस वर्षांनी एखादं कंट्रोल कार्ड गेलं आणि त्यावरची चिप बनायचीच बंद झालेली असली की अख्खी गाडी यार्डात उभी. मग एका रेकचे पार्ट काढून दुसऱ्याला लावायचे, त्याला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. माझं मत विचाराल तर गरीब रेल्वेला सेकंडहँड घ्यायची असेल तर फील्डवाली 205 हा सगळ्यात शहाणा सौदा होता.

गंमत म्हणजे जपानने स्वतः लगेच उलटा रस्ता धरला. 1993 ची 209 सिरीज, तिची घोषणाच होती वजन अर्धं, किंमत अर्धी, आयुष्य अर्धं. वीज 103 च्या निम्म्याहून कमी. त्यांचं गणित असं की दहा-पंधरा वर्षांत टेक्नॉलॉजी इतकी पुढे जाते की जुनी गाडी दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन घेणं परवडतं. पैसे असतील तर ते गणित बरोबरच आहे, मी वाद घालणार नाही. 205 चे दोष पण आहेतच, सुटताना रेझिस्टन्समध्ये वीज जळतेच, ब्रशची देखभाल आहेच, आणि डबा सरळसोट 2800 मिमीचा, ई231 चा 2950 चा झाला तेव्हा गर्दीत तेवढा पंधरा सेंटिमीटरचा फरकही जाणवतो. रिजनरेशनचं पण एक लक्षात ठेवा, परत पाठवलेली वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी चढत किंवा सुटत असायला हवी, नाहीतर वायरचं व्होल्टेज वर जातं आणि सिस्टिम रिजनरेशन सोडून देते, मग हवेचा ब्रेक. यामानोतेवर दर दोन-तीन मिनिटांनी गाडी, तिथे गिऱ्हाईक कायम हजर. ओसाड लाइनवर तीच गाडी घातली तर निम्मा फायदा गेला.

इंडोनेशियात आता हा रस्ता बंद झालाय. 2023 मध्ये तिथल्या सरकारने जुन्या गाड्या आयात करायला नकार दिला, देशात बनवा किंवा नवीन घ्या असं धोरण, त्यामुळे देशातल्या इंका कंपनीला ऑर्डर गेली आणि मधली नड भागवायला चीनमधून नवीन गाड्या आल्या. म्हणजे आहेत त्या 205 च शेवटच्या. मुंबईत आपण डीसीचा शेवट 2016 च्या एप्रिलमध्ये हार्बर लाइनवर बघितलाच, त्या रात्री शेडमधले जुने लोक मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करत होते, मी पण केलाय.

पुन्हा जकार्ताला गेलात तर एक करा. पँटोग्राफ (वरच्या वायरमधून वीज घेणारा सांगाडा) ज्या डब्याच्या टपावर आहे त्यात बसा, तो मोटरवाला असतो. बऱ्याच डब्यांवर जुना जपानी नंबर अजून दिसतो. गाडी सुटताना पायाखालून टक्-टक्-टक् असा कॅमशाफ्ट सरकल्याचा हलका आवाज आला आणि मग नुसती घुमणारी मोटर, तर ती फील्डवाली. त्याऐवजी हार्मोनियमचा सूर चढवत न्यावा तसा आवाज बदलत गेला तर ती मुसाशिनोची 5000. आणि दाराच्या काचा छोट्या असतील तर तुम्ही सुरुवातीच्या बॅचच्या डब्यात बसलाय, दाराच्या वरच्या भागात उगाच खिडकीएवढी काच, लहान पोरांना बाहेरचं काही दिसायचं नाही.